सही झाली, गट चुकला!

वीकेण्ड होमचं स्वप्न, भोर-वेल्ह्याची हिरवळ आणि खरेदीखतात उलटे पडलेले दोन आकडे... कागद चुकला तर कोर्ट तो दुरुस्त करून देतं? देतं! पण त्याला अटी आहेत.

पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये दुपारी जरा कान देऊन बसा. पहिली दहा मिनिटं अप्रेझल. पुढची दहा ट्रॅफिक. आणि मग कोणीतरी हळूच मोबाइलवर फोटो दाखवतं. हिरवंगार भातखाचर, मागे धुक्यात बुडालेला डोंगर आणि खाली कॅप्शन, ‘अवर लिटल प्लेस’! जागा कुठली? दहातल्या चार वेळा उत्तर एकच. भोर नाहीतर वेल्हे.

साहजिकच आहे. कात्रजचा बोगदा ओलांडला की सातारा रोडवर चेलाडी फाट्याला उजवीकडे वळा, नसरापूरवरून रस्ता वेल्ह्याकडे जातो. थोडं पुढे कापूरहोळला वळलात तर भोर. एका बाजूला राजगड आणि तोरणा, दुसऱ्या बाजूला रोहिडा आणि रायरेश्वर. १९२७ साली पूर्ण झालेल्या भाटघर धरणाचं पाणी. पुणं जेमतेम दीड तासावर. शुक्रवारी रात्री लॅपटॉप बंद करायचा आणि शनिवारी सकाळी चुलीवरचा चहा घ्यायचा, एवढं साधं स्वप्न असतं हो!

स्वप्न साधं असतं. कागद मात्र साधा नसतो.

दोन आकड्यांची गोष्ट

माझी एक मैत्रीण आहे. हिंजवडीत नोकरी करते, मूळची फलटणकडची. घरचा सातबारा आहे म्हणून तिला आणि तिच्या भावाला शेतजमीन घेता आली, कारण आपल्याकडे शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. जानेवारी २०२० मध्ये दोघांनी भोर तालुक्यात ४० आर, म्हणजे साधारण एक एकर जमीन घेतली. विकणारे सत्तरीतले आजोबा होते. व्यवहार अगदी सरळ झाला. जमीन दाखवली, बांधावर उभं राहून हद्द दाखवली, साठेखत झालं, चेक दिले, खरेदीखत झालं, पेढे वाटले.

दोन महिन्यांनी लॉकडाउन लागला. २०२१ मध्ये आजोबा गेले. २०२२ मध्ये कुंपण घालायचं म्हणून मैत्रीण मोजणीचा अर्ज करायला गेली, तेव्हा कळलं की सातबाऱ्यावर तिचं नावच नाही! फेरफार नामंजूर झालेला. का? तर खरेदीखतात गट नंबर होता २७१. आजोबांची जमीन होती २१७ मध्ये. (दोन्ही नंबर मी बदललेत. घोळ मात्र तंतोतंत हाच.) २७१ च्या सातबाऱ्यावर त्यांच्या चुलतभावाचं नाव. मग नोंद कशी होणार?

आणि २१७ वर? तिथे एव्हाना आजोबांच्या वारसांची नावं लागली होती. दोन मुलगे, एक मुलगी. म्हणजे पैसे मैत्रिणीने दिलेले, पर्सनल लोनचा ईएमआय तीच भरतेय, करवंदाच्या जाळ्या तिनेच साफ करून घेतल्या, आणि कागदावर मालक मात्र वेगळेच!

मोठा मुलगा आणि मुलगी म्हणाली, चूक आहे, सही करतो. धाकट्याने नकार दिला. वडिलांनी काय विकलं ते मला माहीत नाही, कागदावर लिहिलंय ते खरं, असं त्याचं म्हणणं. तुम्ही लगेच त्याला व्हिलन ठरवाल. थांबा जरा. तो मुंबईला राहतो, व्यवहाराच्या वेळी हजर नव्हता, वडील आता विचारायला नाहीत. आणि या चार वर्षांत त्या भागातले भाव कुठल्या कुठे गेलेत. त्याच्या जागी आपण असतो तर डोळे मिटून सही केली असती? मनाला विचारून बघा.

पहिला उपाय : चूक दुरुस्ती पत्र

कागदात चूक झाली की लगेच कोर्टात पळायचं नसतं. दोन्ही बाजू राजी असतील तर सोपा रस्ता म्हणजे चूक दुरुस्ती पत्र. मूळ दस्त नोंदणीकृत असेल तर दुरुस्तीही नोंदवायची. मूळ दस्ताचा क्रमांक नि तारीख, चुकलेला मजकूर काय, बरोबर मजकूर काय, एवढं स्पष्ट लिहायचं आणि सगळ्यांनी दुय्यम निबंधकापुढे जाऊन सह्या-अंगठे करायचे. दुरुस्तीच्या नावाखाली क्षेत्र किंवा किंमत वाढवायला गेलात तर अर्थातच मुद्रांक शुल्काचा प्रश्न उभा राहतो.

दुसरा एक रस्ता तहसील कचेरीतून जातो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली सातबारा-फेरफारातल्या लेखनाच्या चुका दुरुस्त होतात. पण इथे बरेचजण फसतात. हे कलम महसुली नोंदवहीतल्या चुकीसाठी आहे. तुमचं खरेदीखत बरोबर आहे आणि सातबारा टाइप करताना ‘जोशी’चं ‘जोशे’ झालं, तर १५५. पण खरेदीखतच चुकलं असेल तर तहसीलदार ते बदलू शकत नाहीत. त्यांच्यासमोर जो दस्त येतो त्यावरच ते नोंद घेणार.

माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत दोन्ही दारं बंद. चूक दस्तात, आणि तिघांपैकी दोघांच्याच सह्या. उरला तिसरा रस्ता.

कलम २६ : कोर्टाचं खोडरबर

विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३. नाव ऐकूनच झोप येते ना? इंग्रजीत लोक याला स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट म्हणतात. त्यातलं कलम २६ आपल्या कामाचं. सोप्या भाषेत सांगायचं तर, दोन पक्षांमध्ये ठरलं एक आणि कागदावर उतरलं दुसरंच, तर कोर्ट तो कागद दुरुस्त करून देऊ शकतं. अट एवढीच की हे एकतर फसवणुकीमुळे झालेलं असावं, नाहीतर दोघांच्याही सामायिक चुकीमुळे.

‘सामायिक’ हा शब्द अंडरलाइन करा. तुम्ही एकट्याने चूक केलीत आणि समोरच्याला जे लिहिलंय तेच हवं होतं, तर हे कलम मदतीला येत नाही. वाचायचा कंटाळा केला, भाव कमी मिळाला, नंतर पश्चात्ताप झाला... त्यावर कोर्टाकडे औषध नाही. कोर्ट तुमचा सौदा सुधारत नाही, फक्त सौद्याचा कागद सुधारतं.

दावा कोण करू शकतं? दोघांपैकी कोणीही, किंवा त्यांचे हितसंबंधी प्रतिनिधी. म्हणजे सही करणारा हयात नसला तरी दाव्याचं दार बंद होत नाही. त्याच्या वारसांना प्रतिवादी करता येतं. तुमच्यावरच कोणी दावा लावला असेल तर बचावातही दुरुस्ती मागता येते. आणि दुरुस्त झालेला करार त्याच दाव्यात अमलात आणून द्या, असंही मागता येतं. मागायला मात्र हवं! अर्जात न मागितलेली दुरुस्ती कोर्ट आपणहून देत नाही. सुरुवातीला मागायची राहिली असेल तर दाव्याच्या कुठल्याही टप्प्यावर अर्जात बदल करायची परवानगी कायदाच देतो.

हा शेवटचा मुद्दा २००८ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. प्रकरण राजस्थानातलं, शेतजमिनीच्या विक्री कराराचं. आपल्याकडे गट नंबर तसा तिकडे चक नंबर. करारात तोच चुकीचा पडलेला! खरेदीदाराने करार पूर्ण करून मागायचा दावा आधीच लावला होता आणि मधेच नंबर दुरुस्त करू द्या असा अर्ज दिला. खालच्या कोर्टाने परवानगी दिली, हायकोर्टाने ती काढून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. कलम २६ मध्येच सोय आहे, त्यासाठी वेगळा दावा लावायची गरज नाही, असा त्याचा अर्थ. चक काय नि गट काय, अंक उलटसुलट व्हायचे ते होतातच.

दोघंही चुकले, पण...

आता जरा परदेशात डोकावू या, कारण या विषयावरच्या दोन इंग्रजी केसेस एखाद्या सिरियलसारख्या आहेत.

पहिली १९५३ ची, रोझ विरुद्ध पिम. लंडनच्या एका व्यापाऱ्याला इजिप्तमधून ‘फेव्हरोल्स’ नावाच्या कडधान्याची मागणी आली. हे काय असतं बुवा? त्याने पुरवठादाराला विचारलं. उत्तर आलं, ते म्हणजे आपले ‘हॉर्सबीन्स’च. झालं! दोघांनी हॉर्सबीन्सचा सौदा केला, कागदावरही हॉर्सबीन्स लिहिलं. माल पोचला तेव्हा कळलं की फेव्हरोल्स ही वेगळीच चीज आहे. व्यापारी कोर्टात गेला, करारात ‘फेव्हरोल्स’ असं दुरुस्त करून द्या म्हणून. कोर्टाने नाही म्हटलं. का? कारण तोंडी ठरलं हॉर्सबीन्स आणि लिहिलंही हॉर्सबीन्स. कागद तर ठरल्याप्रमाणेच होता! चूक मनातल्या समजुतीत होती, लेखणीत नव्हती.

हेच आपल्या भोरला आणून बघा. तुम्हाला दाखवली २१७, ठरली २१७, लिहिली २७१, तर दुरुस्ती होऊ शकते. पण तुम्हाला दाखवली, ठरली आणि लिहिली २१७, आणि नंतर कळलं की धरणाचा व्ह्यू २७१ मधून दिसतो... तर सॉरी बॉस!

दुसरी केस १९७० ची, जॉसलिन विरुद्ध निसेन. बाप-लेकीची. वडिलांचा भाड्याने गाड्या द्यायचा धंदा लेकीने चालवायला घेतला. बदल्यात वडील त्याच घरात राहणार आणि त्यांच्या गॅसचं, विजेचं, कोळशाचं बिल आणि घरकामाच्या बाईचा पगार लेक देणार, असं बोलणं झालं. करार लिहिला तेव्हा हे नीट स्पष्ट झालं नाही. पुढे बिनसलं आणि लेकीने बिलं भरायचं थांबवलं. कागदात कुठे लिहिलंय? कोर्टाने वडिलांच्या बाजूने करार दुरुस्त करून दिला. सही होईपर्यंत दोघांचा इरादा एकच होता आणि तो दोघांच्या बोलण्या-वागण्यातून बाहेर दिसत होता, हे पुरेसं ठरलं.

घरातल्या घरात केलेले करारच जास्त ढिले असतात, नाही का? भावाभावांत, मित्रामित्रांत. विश्वास असतो म्हणून कोणी नीट वाचत नाही.

इरादा सिद्ध कसा करायचा?

इथे खरी परीक्षा. सही केलेला, नोंदवलेला कागद एका बाजूला, आणि ‘असं ठरलं नव्हतं हो’ दुसऱ्या बाजूला. एरवी लेखी कराराच्या विरोधात तोंडी पुरावा चालत नाही. पण फसवणूक किंवा चूक दाखवायची असेल तर त्याला अपवाद आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात तो कलम ९२ च्या परंतुकात होता. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. तरी सिद्ध करायची जबाबदारी दुरुस्ती मागणाऱ्यावर, आणि पुरावा ठोस लागतो. शिवाय कायद्यात शब्द ‘देऊ शकेल’ असा आहे, ‘देईलच’ असा नाही.

मैत्रिणीच्या बाजूने काय आहे? साठेखतात गट नंबर बरोबर २१७ आहे. खरेदीखतात नंबर चुकला, पण चतुःसीमा बरोबर आहेत. पूर्वेला ओढा, दक्षिणेला गाडीवाट, हे वर्णन २७१ ला लागूच होत नाही. आजोबांची २७१ मध्ये मालकीच नव्हती, मग ते विकतील कसे? व्यवहाराआधी पेपरात दिलेल्या जाहीर नोटिशीत २१७ आहे. आणि दोन वारस चूक मान्य करतात.

विरुद्ध बाजूने काय? मुदत! असा दावा लावायला तीन वर्षं मिळतात. चूक किंवा फसवणूक असेल तर मुदत कायद्याच्या कलम १७ प्रमाणे घड्याळ सुरू होतं ती लक्षात आल्यापासून. पण त्यात एक मेख आहे. रीतसर काळजी घेतली असती तर जेव्हा कळली असती, तेव्हापासूनही घड्याळ चालू झालं असं मानता येतं. दावा २०२३ मध्ये लागला. चूक २०२२ मध्ये कळली असं धरलं तर मुदतीत. पण २०२० मध्येच सातबारा का नाही पाहिला, या प्रश्नावर धाकट्या मुलाच्या वकिलांनी जोर दिलाय. लॉकडाउनचं कारण कोर्टाला किती पटतं, ते निकालात कळेल. भोरच्या दिवाणी न्यायालयात साक्षी-पुरावा चालू आहे.

हो, भोरलाच. जमिनीचा वाद जिथे जमीन तिथल्या कोर्टात चालतो. तुम्ही हिंजवडीत राहा नाहीतर न्यू जर्सीत. तारीख पडली की मैत्रीण रजा टाकते. तिच्या उरलेल्या पेड लीव्ह्ज आता कोर्टाच्या कॅलेंडरवर चालतात.

तिसरा माणूस आला तर?

या सगळ्यात एक भीती तिला रात्री जागवते. धाकट्याने मधेच आपला हिस्सा कोणा तिसऱ्याला विकला तर?

भीती खोटी नाही. प्रामाणिकपणे, काही माहीत नसताना आणि मोबदला देऊन ज्याने हक्क मिळवला, त्याला धक्का लावून दुरुस्ती होत नाही. १८७७ च्या जुन्या कायद्यात याचं फार मजेदार उदाहरण दिलं होतं. एकाला आपलं घर आणि तीनपैकी एकच गोदाम विकायचं होतं. घेणाऱ्याने लबाडीने दस्तात तिन्ही गोदामं घातली. जास्तीच्या दोनपैकी एक त्याने कुणाला बक्षीस दिलं, दुसरं कुणाला भाड्याने दिलं. दोघांनाही लबाडी माहीत नव्हती. कायदा काय म्हणाला? बक्षीस मिळालेलं गोदाम परत जाईल, कारण त्याने फुकट घेतलं. पण भाडं देणाऱ्याचा हक्क मोडणार नाही!

म्हणून दावा लावला की तो चालू असल्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेवायची. मग पुढे घेणारा ‘मला माहीतच नव्हतं’ असं सहज म्हणू शकत नाही. मैत्रिणीने ती नोंदवली, तेव्हा कुठे तिला झोप लागली.

मी जमीन घेणार नाहीये, मग?

मग तुम्हीही सही करताच की! कलम २६ फक्त जमिनीसाठी नाही. फ्लॅटचा करार, भागीदारीचा करार, बक्षीसपत्र, कुठलाही लेखी करार त्यात येतो. पार्किंग नंबर चुकला, विंग ‘ए’ची ‘बी’ झाली, कार्पेट एरियात दशांश चिन्ह सरकलं. जमिनीत तर हे हमखास होतं. ०.४० हेक्टर म्हणजे ४० आर, आणि ०.०४ हेक्टर म्हणजे फक्त ४ आर. एका शून्याची जागा बदलली की एकराचे चार गुंठे!

स्टार्टअपवाल्यांनो, तुमच्यासाठी एक सूचना. कंपनीची नियमावली, म्हणजे आर्टिकल्स ऑफ असोसिएशन, या कलमातून मुद्दाम वगळलीय. ती बदलायला कंपनी कायद्याप्रमाणे विशेष ठराव लागतो.

आणि प्रत्येक फरक म्हणजे चूक नव्हे बरं का. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. म्हणून जुन्या खरेदीखतातलं ‘तालुका वेल्हे’ चुकीचं ठरत नाही. जमीन तीच, ओळख तीच. घाबरून वकील गाठायची गरज नाही.

सहीआधीची दहा मिनिटं

- ताजा सातबारा आणि दस्ताचा मसुदा शेजारी ठेवा. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवून तपासायचं.
- गट नंबर अंकात आणि अक्षरातही लिहून घ्या. ‘दोनशे सतरा’चं ‘दोनशे एकाहत्तर’ सहसा होत नाही.
- जुना सर्व्हे नंबर आणि एकत्रीकरणानंतरचा गट नंबर, दोन्ही दस्तात असू द्या.
- गावाचं नाव पूर्ण लिहा. बुद्रुक की खुर्द, हे विसरू नका.
- चतुःसीमा जागेवर उभं राहून तपासा. नंबर चुकला तर पुढे हाच पुरावा कामी येतो.
- शक्य असेल तर खरेदीआधी सरकारी मोजणी करून घ्या.
- साठेखत, चेकच्या नोंदी, मेसेज, नोटिशीचं कात्रण जपून ठेवा. व्यवहार झाला म्हणून फेकू नका.
- नोंदणीनंतर सूची क्रमांक दोन काढा, आणि फेरफार मंजूर होईपर्यंत सातबारा ऑनलाइन बघत राहा.
- चूक दिसली की त्याच आठवड्यात दुरुस्ती पत्र करा. विकणारा हयात आहे, संबंध गोड आहेत, भाव वाढलेले नाहीत, तोवर सही पटकन मिळते.

यातला शेवटचा मुद्दा फ्रीजवर चिकटवून ठेवा. चूक तीच असते, पण वर्षं जातात तशी ती महाग होते. २०२० च्या फेब्रुवारीत आजोबांनी हसत हसत दुरुस्ती पत्रावर अंगठा दिला असता. आज त्याच दोन आकड्यांसाठी तीन वारस, दोन वकील आणि एक न्यायाधीश कामाला लागलेत.

तेव्हा भोरला जा, वेल्ह्याला जा, पावसात तर जाच! जमीन आवडली तर घ्याही. फक्त सही करायच्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स गाडीतच राहू द्या. आधी नंबर वाचा.